प्रतिनिधित्व आणि गिरमिट : नामदार गोखले यांच्या १९१२ च्या भाषणाचे परीक्षण

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्या भाषणांचा अभ्यास आपल्याकडे बहुधा अंदाजपत्रकापासून सुरू होतो आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाच्या विधेयकापाशी येऊन थांबतो. या विधेयकाच्या अगदी शेजारी, त्याच अधिवेशनात झालेले एक भाषण मात्र सहसा उल्लेखापुरतेच वाचले जाते. ४ मार्च १९१२ रोजी कलकत्त्यास भरलेल्या वरिष्ठ कायदेकौन्सिलात गोखल्यांनी एक ठराव मांडला. मुदतबंदीच्या कराराने हिंदी मजुरांची भरती करणे, मग ती देशातील कामासाठी असो वा कोणत्याही ब्रिटिश वसाहतीसाठी असो, बंद करावे, अशी शिफारस त्यात होती. ठरावाच्या बाजूने २२ आणि विरुद्ध ३३ मते पडली व तो फेटाळला गेला. पुढे ही पद्धत बंद झाली, या एका गोष्टीने त्या पराभवाची भरपाई झाली असे समजून चरित्रकार पुढे जातात. प्रस्तुत लेखात त्या भाषणापाशी थोडे थांबावयाचे आहे. एखादा विधायक ज्यांनी त्याला निवडलेले नाही, ज्यांना त्याने पाहिलेले नाही आणि ज्यांची भाषाही त्याची नाही, अशा माणसांचे प्रतिनिधित्व करतो म्हणजे नेमके काय करतो, हा प्रश्न या भाषणाच्या घडणीतच गुंतलेला आहे.

ठराव सर्व वसाहतींविषयी होता. तरी त्या वेळी जेथे नवी भरती जोरात चालू होती अशा मोजक्या ठिकाणांत प्रशांत महासागरातील फिजी बेटे होती. म्हणून त्यांच्यावर येथे विशेष दृष्टी ठेवली आहे. १८७४ च्या ऑक्टोबरात फिजी ब्रिटिश साम्राज्यास जोडले गेले. तेथील पहिला स्थायी गव्हर्नर सर आर्थर गॉर्डन हा त्रिनिदाद आणि मॉरिशस येथे कारभार करून आलेला होता. मूळच्या फिजीवासी लोकांची गावे व जमीन मोडू नयेत, त्यांना मळ्यांवर जुंपू नये, असे त्याचे धोरण होते. पण वसाहतीचा खर्च तर भागला पाहिजे. तेव्हा मळ्यांना मजूर हिंदुस्थानातून आणण्याची वाट त्याने धरली. एका समाजाच्या संरक्षणाची किंमत दुसऱ्या समाजाच्या अंगमेहनतीतून वसूल करण्याचा हा हिशेब होता. १८७९ च्या मे महिन्यात ‘लिओनिडास’ हे पहिले जहाज तेथे पोहोचले. १९१६ मध्ये शेवटचे. या सदतीस वर्षांत ६०,००० हून अधिक माणसे तेथे गेली. त्यांतील सुमारे तीन चतुर्थांश कलकत्ता बंदरातून, म्हणजे मुख्यतः आजच्या पूर्व उत्तर प्रदेशातील बस्ती, गोंडा, फैजाबाद, आझमगड अशा जिल्ह्यांतून आणि बिहारातून गेली. उरलेली १९०३ नंतर मद्रास बंदरातून. साखरेचा बहुतेक धंदा सिडनीच्या कलोनियल शुगर रिफायनिंग कंपनीच्या हाती होता.

मुंबई इलाख्यातून फिजीस करारबद्ध मजूर जाण्याचा मार्गच नव्हता. मॉरिशसची गोष्ट वेगळी. तेथे कोकणातून मराठी माणसे गेली व त्यांचे वंशज आजही आपली मराठी ओळख सांगतात. फिजीच्या बाबतीत मात्र मुंबईच्या या सभासदाला आपल्या इलाख्यातील कोणा कुटुंबाचे गाऱ्हाणे मांडावयाचे नव्हते. हा मुद्दा किरकोळ वाटेल, पण भाषणाची ठेवण समजण्यास तो आवश्यक आहे.

गोखले वरिष्ठ कौन्सिलात कसे गेले होते, हेही येथे ध्यानात घ्यावे. मुंबईच्या कायदेकौन्सिलातील बिनसरकारी सभासदांनी त्यांना निवडले होते. सामान्य रयतेचा त्या निवडणुकीशी संबंध नव्हता. संस्थानी प्रजेचा तर त्याहूनही नव्हता. पुण्याच्या दक्षिणेस पंत सचिवांचे भोर संस्थान होते. ते ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. १९१२ साली त्या संस्थानच्या रयतेच्या नावाने कलकत्त्याच्या सभागृहात कोणतीही खुर्ची नव्हती. म्हणजे गोखल्यांच्या स्वतःच्या पुणे शहरापासून एका दिवसाच्या बैलगाडीच्या वाटेवर राहणारा शेतकरी आणि फिजीतील ऊस तोडणारा मजूर हे दोघेही, निवडणुकीच्या दृष्टीने पाहिले तर, गोखल्यांपासून सारख्याच अंतरावर होते. त्या काळी प्रतिनिधित्व हा मतांचा व्यवहार नव्हताच. बोलण्याचा अधिकार कोणी स्वतःकडे घेतला आणि तो कसा सिद्ध केला, एवढाच त्याचा आधार होता.

हा अधिकार सिद्ध करण्याची गोखल्यांची रीत त्यांच्या पिढीच्या वाचनाकडे पाहता काहीशी अनपेक्षित आहे. एडमंड बर्क हा त्या पिढीचा आवडता लेखक, आणि गोखल्यांना बर्कचे उतारे पाठ होते हे सर्वश्रुत आहे. न पाहिलेल्या दूरदेशीच्या लोकांची बाजू विधिमंडळात मांडण्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरणही बर्कचेच : १७८८ मध्ये वॉरन हेस्टिंग्जवरील महाभियोगाच्या आरंभी त्याने हिंदुस्थानातील रयतेच्या छळाची अशी वर्णने केली की, सभागृहातील स्त्रियांना मूर्च्छा आल्याच्या हकीकती नोंदल्या गेल्या आहेत. गोखल्यांपुढे हा नमुना तयार होता आणि साहित्यही कमी नव्हते. त्यांनी तो मार्ग सोडला. त्यांच्या भाषणाचा गाभा म्हणजे एका कागदाचे वाचन आहे. तो कागद म्हणजे मजुराने अंगठा उठवलेला करारनामा.

करारात मजूर स्वतःला कोणकोणत्या गोष्टींनी बांधून घेतो, याची सहा कलमे गोखले क्रमाने मांडतात. ज्या देशाची भाषा, रीतिरिवाज त्याला ठाऊक नाहीत आणि जेथे त्याचे सगेसोयरे नाहीत अशा दूर देशी तो जातो. ज्या मालकाकडे पाठवतील त्याच्याकडे त्याने राबायचे. निवडीत त्याला आवाज नाही. मळ्यावरच राहायचे, परवान्यावाचून बाहेर पडायचे नाही, नेमून दिलेले काम कसलेही असले तरी करायचे. मुदत बहुधा पाच वर्षांची. तीत हालअपेष्टा कितीही असह्य झाल्या तरी करारातून बाहेर पडण्याची सोय नाही. मजुरी ठरलेली, आणि ती भोवतालच्या मोकळ्या मजुरांपेक्षा नेहमीच कमी. आणि शेवटचे कलम : त्याला एका विशेष कायद्याखाली आणले जाते. हा कायदा निघण्यापूर्वी त्याला कोणी समजावून दिलेला नसतो, तो त्याला न कळणाऱ्या भाषेत असतो, आणि कराराचा क्षुल्लक भंग झाला तरी तो त्याला दिवाणी नव्हे तर फौजदारी गुन्हेगार ठरवतो.

या मांडणीतील क्रमाकडे लक्ष द्यावे. पहिले कलम ऐकताना सभासदाला वाटावे की, परदेशी जाणारा कोणीही माणूस हे सोसतोच. दुसऱ्याने थोडी शंका यावी. तिसऱ्या-चौथ्यापर्यंत येता येता ‘करार’ या शब्दातील संमतीचा अंश झिजत जातो. सहाव्या कलमाशी येऊन पोहोचल्यावर त्या शब्दाचे केवळ टरफल उरते. अशा पद्धतीला नाव काहीही दिले तरी ती गुलामगिरीच्या सीमेवरची आहे, हा निष्कर्ष गोखले त्यानंतरच सांगतात. तोवर श्रोत्याने तो स्वतःच काढलेला असतो. मजुराच्या डोळ्यांतील पाणी सभागृहास दाखविले असते, तर सरकारी बाजूस ते पुसण्याचे उपाय सांगता आले असते : निरीक्षक वाढवू, रुग्णालये सुधारू. लॉर्ड सँडर्सन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९१० च्या अहवालात नेमका हाच पवित्रा घेतला होता. काही सुधारणा सुचवून पद्धत चालू ठेवण्यास तिने पाठिंबा दिला होता. गोखल्यांनी त्या उत्तराची वाटच बंद केली. अपप्रकार हा या पद्धतीचा दोष नसून करार हाच अपप्रकार आहे, असे त्यांचे म्हणणे असल्यामुळे सुधारणेला जागाच उरत नाही.

मराठी वाचकास येथे एका शब्दाची गंमत जाणवेल. ‘अॅग्रिमेंट’ या इंग्रजी शब्दाचे मजुरांच्या तोंडी ‘गिरमिट’ झाले आणि तो करार करणारे ‘गिरमिटिये’ झाले. आपल्याकडे गिरमिट म्हणजे सुताराचे भोक पाडण्याचे हत्यार. त्याचे मूळ वेगळ्याच इंग्रजी शब्दात आहे. व्युत्पत्तीचा काही संबंध नाही. पण एकेक फेरा देत लाकडात उतरत जाणाऱ्या त्या हत्याराची आणि गोखल्यांच्या सहा कलमांची चाल सारखीच आहे, असे म्हटल्यास वावगे होऊ नये.

संरक्षणाच्या यंत्रणेचा समाचारही त्यांनी याच शांतपणे घेतला आहे. मजुरांसाठी दोन्ही टोकांना ‘संरक्षक’ नावाचे अधिकारी असत आणि तक्रारीसाठी मॅजिस्ट्रेट असत. सरकारपक्षाचा सारा भर या व्यवस्थेवर होता. गोखल्यांचा प्रतिप्रश्न असा की, हे संरक्षक आणि हे मॅजिस्ट्रेट कोणत्या वर्गातून येतात आणि संध्याकाळी कोणाच्या पंगतीला बसतात? मळेवाल्यांच्याच समाजात वावरणाऱ्या अधिकाऱ्याने मजुराचा रक्षक व्हावे ही अपेक्षा मनुष्यस्वभावाला धरून नाही. प्रतिनिधित्वाच्या दृष्टीने भाषणातील हा सर्वांत मार्मिक भाग होय. मजुराला प्रतिनिधी नाही असे नव्हे. त्याच्या वतीने बोलणारा एक पगारी माणूस आहे. परंतु त्याची नेमणूक मजुराने केलेली नाही, आणि त्याचे हितसंबंधही मजुराशी जुळलेले नाहीत. हाच निकष प्रस्तुत वक्त्यालाही लावता येईल, याची जाणीव गोखल्यांना त्या क्षणी होती की नाही हे भाषणावरून कळत नाही. टीकाकाराने तो लावला पाहिजे.

तो लावून पाहिला की भाषणाचा दुसरा अर्धा भाग वेगळा दिसू लागतो. ही पद्धत जेथे जेथे आहे तेथे तेथे हिंदी माणूस, त्याचा दर्जा कोणताही असो, केवळ ‘कुली’ म्हणून ओळखला जातो. म्हणून ती राष्ट्राच्या स्वाभिमानास कमीपणा आणणारी आहे, असे गोखले येथे सांगतात. विधान खोटे नाही. दक्षिण आफ्रिकेत बॅरिस्टर झालेल्या माणसालाही ‘कुली बॅरिस्टर’ म्हणत, हे गांधीजींच्या चरित्रावरून सर्वांना माहीत आहे. सभागृहातील सुशिक्षित, प्रतिष्ठित हिंदी सभासदांच्या मनाला हात घालण्यास यासारखा मुद्दा नव्हता. परंतु या मुद्द्यात गाऱ्हाण्याचा धनी बदलतो. सहा कलमांपर्यंत पीडित होता तो मजूर. येथे पीडित होतो तो मजुराशी एका नावाने मोजला जाणारा सुशिक्षित माणूस. मजुराचे कुलीपण ही त्याची स्वतःची वेदना न राहता इतरांना लागणारा डाग ठरते. ज्याचे प्रतिनिधित्व करावयाचे तो मागे सरकला आणि प्रतिनिधी व त्याचा वर्ग पुढे आला. कोणी म्हणेल की, ही वकिलाची युक्ती आहे आणि वकिलाने ती वापरावीच. मान्य, परंतु युक्तीलाही आपली किंमत असते, आणि ती येथे पुढील मतदानाने दाखवून दिली, असे मला वाटते.

स्त्रियांविषयीच्या भागात तर हा पालट अधिक बोचतो. शंभर पुरुषांमागे चाळीस स्त्रिया पाठविल्या पाहिजेत असा नियम होता. त्यापायी बंदरावर ज्या स्त्रिया मिळतील त्या भरल्या जात आणि मळ्यावर जे घडे ते अत्यंत हीन असे, ही वस्तुस्थिती गोखल्यांनी मांडली. ती मांडणे धैर्याचे होते. पण ती मांडण्याची भाषा नीतीची आहे, श्रमाची नाही. फिजीच्या करारात पुरुषाला दिवसाला एक शिलिंग आणि स्त्रीला नऊ पेनी मजुरी होती. स्त्री म्हणजे तेथे मजूर होती, आणि कमी मजुरीचा मजूर होती. भाषणात मात्र ती मजूर म्हणून उभी राहात नाही. ती राष्ट्राच्या लज्जेचे स्थान म्हणून येते. त्यानंतर महिना-दीड महिन्यातच, १९१२ च्या एप्रिलात, फिजीतील एका मळ्यावर कुंती नावाच्या मजूर स्त्रीला एकटीला दूरच्या शेतात काम नेमून देण्यात आले. गोऱ्या देखरेखवाल्याने तिच्यावर हात टाकला, तेव्हा तिने नदीत उडी घेतली. एका मुलाने होडीतून तिला वाचविले. तिची हकीकत पुढे कलकत्त्याच्या ‘भारतमित्र’ पत्रात आली आणि देशभर खळबळ उडाली. चळवळीने तिला सतीसावित्रीच्या मालिकेत बसविले. पण तिच्यावरील संकटाची सुरुवात काम नेमून देण्याच्या अधिकारातून झाली होती, म्हणजे गोखल्यांच्याच तिसऱ्या कलमातून. गोखल्यांची सहा कलमे आणि त्यांचे स्त्रियांविषयीचे परिच्छेद एकत्र वाचले असते, तर टीकाकारांना हे तेव्हाच दिसले असते. दुर्दैवाने भाषणाचा जो भाग अधिक दुबळा, तोच चळवळीने उचलला.

आता मतदानाकडे येऊ. सरकारतर्फे व्यापार व उद्योग खात्याचे सभासद क्लार्क यांनी ठरावास विरोध केला. १९०९ च्या सुधारणांनी प्रांतिक कौन्सिलांत बिनसरकारी बहुमत आणले असले, तरी वरिष्ठ कौन्सिलात सरकारी बहुमत जाणूनबुजून ठेवले होते. त्यामुळे निकाल ठरल्यासारखाच होता. लक्षणीय गोष्ट ती नव्हे. मत देणारे सारे बिनसरकारी हिंदी सभासद, म्हणजे जमीनदार, व्यापारी, वकील, हिंदू, मुसलमान, या ठरावाच्या बाजूने एक झाले, आणि ही एकजूट इतिहासकारांनी मोठ्या गौरवाने नोंदविली आहे. याच अधिवेशनात पंधरा दिवसांनी, १९ मार्च रोजी, गोखल्यांचे प्राथमिक शिक्षणाचे विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले. तेथे बिनसरकारी सभासद फुटले. का फुटले? शिक्षणाच्या विधेयकाने गावातील कुणब्याचे पोर शाळेत बसणार होते, स्थानिक कर वाढणार होता आणि शेतावरचा स्वस्त हात कमी होणार होता. त्यातील ‘रयत’ ही सभासदांच्या घराशेजारची होती. गिरमिटाच्या ठरावाने मात्र सभागृहातील कोणाही हिंदी जमीनदाराचे काही जाणार नव्हते. झालाच तर मजूर देशात राहिल्याने फायदाच होता. दोन्ही मतदाने समोरासमोर ठेवली म्हणजे एक अप्रिय गोष्ट कळते : दूरच्याचे प्रतिनिधित्व करणे सोपे असते म्हणून नव्हे, तर दूरच्याच्या दुःखात आपला हात गुंतलेला नसतो म्हणून त्यावर एकमत होते. राष्ट्राभिमानाच्या मुद्द्याने २२ मते मिळविली. त्याने सभागृहास स्वतःच्या शेताकडे पाहावयास लावले नाही.

गोखल्यांच्या ठरावाच्या शब्दांत ती नजर होती, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. ‘देशातील कामासाठी असो’ हे शब्द त्यांनी मुद्दाम घातले होते. १८५९ च्या तेराव्या कायद्याने उचल घेऊन काम सोडणाऱ्या मजुराला हिंदुस्थानातच फौजदारी शिक्षा होऊ शकत होती; म्हणजे ज्या सहाव्या कलमावर गोखल्यांचा सर्वांत तीव्र रोख होता, त्याचे मूळ घरातही होते. तो कायदा १९२५ च्या कायद्याने रद्द झाला. भाषणाचा भर मात्र समुद्रापलीकडे राहिला. देशातील मजुरावर तेवढीच सहा कलमांची कसोटी चालविणारे दुसरे भाषण त्यांनी केले असते, तर एकजूट टिकली असती की काय, याविषयी मला शंका आहे.

ही कसोटी आजही चालते, हे कोणत्याही साखर कारखान्याच्या पट्ट्यात दिसेल. नीरेच्या खोऱ्यातील भोंगवली हे गाव घ्या. या भोर तालुक्यातील भाटघरच्या धरणाचे पाणी नीरेच्या कालव्यांतून खालच्या बारामती-फलटणच्या उसाला जाते. तालुक्यातच निगडे येथे राजगड सहकारी साखर कारखाना उभा राहिला. राज्यात जेथे जेथे हंगाम सुरू होतो तेथे तेथे प्रामुख्याने मराठवाड्यातील ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात. मुकादमाकडून हंगामापूर्वी उचल, नवराबायको मिळून एक ‘कोयता’, फडाजवळची खोपी, आणि उचल फिटेपर्यंत सुटका नाही. फौजदारी कलम येथे नाही, समुद्र नाही, पाच वर्षांची मुदत नाही. आणि वेठबिगारीस १९७६ च्या कायद्याने बंदी आहे. म्हणून हा फिजीचा मळा आहे असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण सहापैकी किती कलमे गळली आणि किती राहिली, हे मोजण्याचे माप गोखल्यांनी करून ठेवले आहे. भोंगवलीचा विद्यार्थी ते भाषण हातात घेऊन फडावर गेला, तर पूर्वार्ध त्याच्या उपयोगी पडेल. राष्ट्राच्या अब्रूविषयीचा उत्तरार्ध त्याला तेथे काहीच सांगणार नाही. त्या दोन भागांच्या बळाबळाची याहून स्पष्ट परीक्षा मला दिसत नाही. कोयता हे एकक नवराबायको दोघांना मिळून एक धरते, आणि स्त्रीच्या श्रमाचा वेगळा हिशेब राहात नाही, ही बाबही येथे नोंदविण्याजोगी आहे.

उत्तराच्या भाषणात गोखल्यांनी बजावले होते की, हा ठराव संमत होईपर्यंत पुन्हा पुन्हा आणला जाईल. त्या वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात ते दक्षिण आफ्रिकेत जाऊन आले; तेथे त्यांना गिरमिटिये प्रत्यक्ष भेटले. फिजी त्यांनी कधी पाहिले नाही. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी त्यांचे निधन झाले. २० मार्च १९१६ रोजी पंडित मदनमोहन मालवीय यांनी तशाच आशयाचा ठराव मांडला आणि लॉर्ड हार्डिंग यांच्या सरकारने तो स्वीकारला. १९१७ मध्ये भरती थांबली. १ जानेवारी १९२० रोजी फिजीतील उरलेले करारही रद्द झाले. १९१२ आणि १९१६ यांच्या दरम्यान काय बदलले? महायुद्ध आले, गांधीजींचा सत्याग्रह झाला, अँड्र्यूज आणि पिअर्सन १९१५ मध्ये फिजीस जाऊन आले. पण वाङ्मयाच्या अभ्यासकाने आणखी एका गोष्टीकडे पाहावे. १८९३ मध्ये गिरमिटिया म्हणून गेलेले तोताराम सनाढ्य एकवीस वर्षांनी परतले आणि बनारसीदास चतुर्वेदी यांच्या साह्याने त्यांनी आपला अनुभव हिंदीत प्रसिद्ध केला. गोखल्यांच्या भाषणात जो केवळ कराराचा एक पक्ष होता, तो येथे ‘मी’ म्हणून बोलू लागला. सनाढ्यांच्या पुस्तकात गोखल्यांची तर्कशुद्धता नाही, आकड्यांची शिस्त नाही. तेथे भूक आहे, कोठडी आहे, आरकाट्याने केलेली फसवणूक आहे. विधायकाने जे दुसऱ्याच्या वतीने सांगितले ते खरे की खोटे, याची तपासणी या पुस्तकाने प्रथमच शक्य केली. आणि सहा कलमे तीत खरी उतरतात.

भाषणात अजिबात नसलेला आणखी एक पक्ष आहे : फिजीचा मूळ रहिवासी. गोखल्यांच्या नकाशावर वसाहत म्हणजे मळेवाला, मजूर आणि सरकार एवढेच. ज्याच्या बेटावर हे सारे चालले आहे, तो तेथे नाही. ठरावाचा विषय पाहता हे स्वाभाविक म्हणता येईल. पण पुढील इतिहासात ही अनुपस्थिती फार जड गेली. १९२९ मध्ये फिजीच्या कायदेकौन्सिलात पहिल्यांदा तीन हिंदी सभासद निवडून आले : विष्णू देव, परमानंद सिंह आणि जेम्स रामचंद्र राव. जातवार मतदारसंघांऐवजी सर्वांची एकच मतदारयादी असावी असा ठराव त्यांनी नोव्हेंबरात आणला. तो फेटाळला गेल्यावर तिघांनीही राजीनामे दिले. त्यांची मागणी तत्त्वतः निर्दोष होती. तरीही फिजीवासी समाजाला तीत आपल्या भूमीवरील हक्काचा धोका दिसला, आणि त्या भीतीचा उपयोग गोऱ्या मळेवाल्यांनी अनेक दशके केला. १९८७ च्या मे महिन्यात लष्कराने सरकार उलथले, तेव्हाही हीच भीती कारण म्हणून पुढे करण्यात आली. गॉर्डनच्या हिशेबाची बाकी अशी शंभर वर्षे फिरत राहिली.

प्रशांत महासागरातील दुसऱ्या एका बेटसमूहाचे उदाहरण तुलनेस घेण्यासारखे आहे. अमेरिकन सामोआ या प्रदेशाचा एक प्रतिनिधी १९८१ पासून अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात बसतो. तो बोलू शकतो, विधेयक मांडू शकतो, समितीत मत देऊ शकतो. विधेयकाच्या अखेरच्या मंजुरीवर मात्र त्याला मत नाही. एनी फालेओमावाएगा यांनी १९८९ ते २०१५ अशी सव्वीस वर्षे ही जागा सांभाळली. त्यांची आणि गोखल्यांची स्थिती उलटसुलट आहे. सामोआच्या सभासदाला आपल्या लोकांनी निवडलेले आहे, पण मत नाही. गोखल्यांना मत होते, पण ते ज्यांच्यासाठी दिले त्यांनी त्यांना निवडलेले नव्हते. दोघांनाही शेवटी शब्दावरच विसंबावे लागले. परंतु सामोआचा सभासद दोन वर्षांनी पुन्हा आपल्या बेटावर मते मागावयास जातो आणि आपण काय बोललो याचा जाब तेथे देतो. गोखल्यांना असा जाब विचारणारे कोणी नव्हते. राष्ट्राभिमानाच्या मुद्द्याकडे भाषण घसरले ते याच ठिकाणी घसरले. बस्तीचा किंवा गोंड्याचा एखादा मतदार सभागृहाच्या दाराशी उभा असता, तर तो मुद्दा एवढा लांबला नसता.

गोखल्यांच्या भारत सेवक समाजातील पुढील पिढीने हा दोष काही प्रमाणात ओळखला असे दिसते. ना. म. जोशी १९२१ पासून मध्यवर्ती विधिमंडळात कामगारांचे सरकारनियुक्त सभासद होते. त्यांनाही कामगारांनी मत देऊन पाठविले नव्हते; पण ते कामगार संघटना बांधीत होते आणि सभागृहाबाहेर त्यांना जाब विचारणारी माणसे होती. समाजाच्या पुण्यातून निघणाऱ्या ‘सर्व्हंट ऑफ इंडिया’ या साप्ताहिकात श्री. ग. वझे यांनी परदेशस्थ हिंदी लोकांच्या प्रश्नांवर सातत्याने लिहिले. त्या लिखाणात राष्ट्राच्या अब्रूची भाषा किती उरली आणि मतदारयादी, वेतन, जमीन यांची भाषा किती आली, हे त्या साप्ताहिकाच्या जुन्या अंकांवरून वर्षवार तपासता येईल. आपल्या विभागातील एखाद्या विद्यार्थ्याने १९२९ च्या फिजीतील राजीनाम्यांच्या सुमाराचे अंक प्रथम घ्यावेत.